मागच्या भिंतीवरचा मोरपंखी

“बाई, माल कुठाय तुमचा?”

पंचनाम्याला आलेला माणूस दाराशी उभा राहून माझ्या दुकानाकडे बघत होता. हातात फॉर्मांचा गठ्ठा, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, त्यांच्यावर सगळ्या बाजारपेठेचा चिखल. आणि माझी फरशी? त्या फरशीवर बसून कुणी जेवलं असतं. मीच त्याला म्हटलं, “बूट बाहेर काढा हं, आत्ताच पुसलंय.”

तो आत आलाच नाही. तिथूनच म्हणाला, “पाणी आलं होतं ते मान्य. सगळ्याच पेठेत आलं. पण नुकसान कशाचं लिहू? मला दिसायला तर पाहिजे.”

“अहो, टाकला ना सगळा! दुसऱ्याच दिवशी. वास मारायला लागला होता.”

“कुठं टाकला?”

“नगरपालिकेच्या ट्रॅक्टरमध्ये.”

त्यानं मान हलवली आणि उभ्या उभ्याच लिहिलं, ‘दुकान स्वच्छ व रिकामे. मालाचे नुकसान दिसून आले नाही.’ खाली माझी सही मागितली. आणि मी शहाणी! सही केली. वर त्याला पाणीसुद्धा विचारलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण अजून कुणी ‘शैला मिरगलचं दुकान काय लख्ख असतं’ म्हणालं की मी विषय बदलते. माझं ‘रंगसंगती मॅचिंग सेंटर’. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, पिको. आडवे बारा आणि उभे नऊ असे कप्पे, प्रत्येक उभ्या रांगेत एका रंगाच्या सगळ्या छटा. बायका साडी घेऊन यायच्या आणि मी न बघता हात घालून नेमका पीस काढायची. कुणाचा ब्लाउज साडीशी जुळत नसला तर मला रस्त्यात चालतानाही खुपायचं. स्वच्छतेचं तर विचारू नका. आमचे हे म्हणायचे, हिला यमानं बोलावलं तरी ही आधी केर काढेल.

तर नदी पेठेत शिरली तेव्हा माझ्या दुकानात सात कप्प्यांपर्यंत पाणी होतं. ओसरल्यावर लोक दारात डोक्याला हात लावून बसले होते. मी नाही बसले. मी पदर खोचला, ओला माल ओढून बाहेर काढला, भिंती ब्लीचिंग पावडरनं घासल्या, कप्पे धुण्याच्या सोड्यानं खरवडले, पाण्याची रेघसुद्धा ठेवली नाही. तीन दिवस. ही एवढी अक्कल गहाण टाकली होती मी.

सही करून तो माणूस गेला आणि मग शेजारच्या चपलांच्या दुकानातले दिनूशेठ खातू आले. त्यांच्याकडे अजून घोटाभर चिखल होता आणि त्यात चपला रुतलेल्या. त्यांचा पंचनामा झकास झाला होता.

“वहिनी, अहो काय केलंत हे? सरकार तीन चतुर्थांश नुकसान देतंय या वेळी. सगळे चिखल जपून ठेवतायत आणि तुम्ही पुसून काढला?”

“मला कुणी सांगितलं नाही, दिनूशेठ.”

“मग आता फेरपंचनामा मागा. आणि तो यायच्या आत…” त्यांनी आवाज खाली आणला. “चिखल काय, रस्त्यावर पडलाय. चार घमेली आत टाका. माझ्या मागच्या ढिगात कापडाच्या चिंध्या पण आहेत. कोण बघतंय?”

मी रागावले नाही. खोटं कशाला सांगू? मी विचार करायला लागले.

कारण परिस्थितीच तशी होती. ह्यांचा मणका टेम्पो उलटल्यापासून गेलेला, दोन वर्षं घरी होते. घर चालत होतं ते दुकानावर. गाळ्याचे मालक येऊन सांगून गेले होते, “गणपतीपर्यंत दुकान सुरू करता आलं तर बघा, नाहीतर मोबाइलवाला मागतोय गाळा.” आणि आमच्या धंद्यात नवरात्र म्हणजे वर्षाची कमाई. नऊ दिवसांचे नऊ रंग, प्रत्येक बाईला नऊ ब्लाउज हवेत. त्यासाठी माल भरायचा तर घाऊकवाला म्हणत होता निम्मे तरी रोख टाका. मदत आली तर माल, माल आला तर गाळा. नाही आली तर बावीस वर्षांचं दुकान मोबाइलवाल्याच्या घशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी घमेलं घेतलं.

पहिलं घमेलं टाकलं. आपल्याच फरशीवर! दुसरं टाकलं. तिसरं घेऊन वळले तर दारात रेडीजबाई.

रेडीजबाई म्हणजे आमच्या पेठेच्या कर सल्लागार. विक्रीकर कार्यालयात तीस वर्षं कारकुनी केलेली, निवृत्त झाल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत लोकांची रिटर्न भरून द्यायच्या. बँकेनं कर्जासाठी जीएसटी नंबर मागितला तेव्हा तो मला त्यांनीच काढून दिला होता. तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप. दर तीन महिन्यांनी फोन: “शैला, बिलं आण. पक्की आण. चिठ्ठ्या नको आणूस मला.” मी फोन वाजला की ह्यांना सांगायची, “घ्या, आली कटकट.”

आता त्या दारात उभ्या होत्या. मोरपंखी साडी, तिच्यावर विटकरी ब्लाउज. त्या अवस्थेतही माझ्या मनात आलं, एवढी शिकलेली बाई आणि मॅचिंगची ही बोंब!

“काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

“साफसफाई,” मी म्हटलं.

“घमेलं आत नेऊन?”

त्यांनी फरशीवरच्या दोन ढिगांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“धू ते,” त्या म्हणाल्या.

“बाई, तुम्हाला काय जातंय म्हणायला! माझा पंचनामा कोरा गेला. माझं खरंच गेलंय हो सगळं! चिखल खोटा असेल, पण नुकसान खरं आहे ना?” माझा आवाज चढला आणि मग फुटलाच. पुरात रडले नव्हते ती त्या घमेल्यापाशी ढसाढसा रडले.

त्यांनी मला रडू दिलं. मग घमेलं माझ्या हातातून काढून घेतलं.

“नुकसान खरं आहे ना? मग खऱ्यानंच सांगू. धू, हातपाय धू आणि दहाला वाचनालयात ये. आधार कार्ड आण. आणि तुझा मोबाइल.”

“मोबाइल बुडाला.”

“बुडलेलाच आण.”

वाचनालय पहिल्या मजल्यावर, म्हणून कोरडं. तिथं रेडीजबाईंनी दोन खुर्च्यांवर कॅरम बोर्ड ठेवून टेबल केलं होतं. भाचीचा लॅपटॉप. जिन्यात रांग, पार खालपर्यंत. मी माझ्या नंबराची वाट बघत ऐकत होते आणि माझं तोंड उघडं राहत होतं, कारण या बाईकडे प्रत्येकासाठी काहीतरी होतं. गिरणीवाल्याला सांगत होत्या, “हप्ता बुडवू नकोस, बँकेला पत्र दे, पुढे ढकलून मागायची सोय आहे. हे घे, मी मसुदा लिहिलाय, नाव घाल.” पार्लरवाल्या मुलीला, “मुदत वाढवलीय रिटर्नची, दंड लागणार नाही, आधी घर आवर.” एका म्हाताऱ्या निवृत्त मास्तरांना, “सर, तुमचा कर कापलाय पण तो लागतच नव्हता. परत मिळतो तो. भरूया अर्ज, तेवढीच भांडी येतील.” कुणाकडून पैसे घेत नव्हत्या. कुणी काढले तर म्हणायच्या, “ठेव. ओले आहेत.”

माझा नंबर आला. त्यांनी बुडालेला मोबाइल घेतला, सिमकार्ड काढलं, पदराला पुसलं आणि आपल्या बटणांच्या फोनमध्ये घातलं.

“पोर्टल उघडायला ओटीपी लागतो. तो तुझ्या नंबरावर येणार. बघू पाण्यानं किती खाल्लंय.”

आम्ही दोघी त्या फोनकडे टक लावून बसलो. टुंग वाजलं. मागून रांगेतल्या कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

“बाई, पण माझी बिलं सगळी लगदा झालीत,” मी म्हटलं.

“तुझी झाली. पण ज्यांनी तुला माल विकला त्यांनी आपली बिलं सरकारकडे भरलीत, तुझा नंबर घालून. ही बघ.”

आणि पडद्यावर माझं दुकान! खरंच सांगते, माझ्या अंगावर काटा आला. बिलांचे नंबर, तारखा, रकमा; रुबियाचे चारशे पीस कुठले, अस्तराचे तागे कुठले, ब्रोकेड कुठलं, मला नुसत्या आकड्यांवरून कळत होतं. मी ट्रॅक्टरमध्ये टाकलेला माल तिथं ओळीनं उभा होता.

बाईंनी घेतलेल्यातून विकलेला वजा केला. “अठ्ठावन्न हजार तीनशे.”

“एवढाच? बाई, सव्वा लाखाचा माल होता!”

“उरलेला कसा घेतला होतास?”

मी पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. उरलेला चिठ्ठीवर. बिल नाही, कर नाही, चार पैसे स्वस्त. सगळी पेठ तसंच करायची.

“लाख तरी लिहा ना. होता हो खरंच.”

“होता, मला ठाऊक आहे. पण आणलास तेव्हा सरकारला सांगितलं नाहीस. आता बुडाला तेव्हा कोणत्या तोंडानं सांगणार?”

त्या हे ओरडून म्हणाल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी भांडले असते. मी मुकाट्यानं अठ्ठावन्न हजार तीनशेच्या खाली सही केली. सोबत फेरपंचनाम्याचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. त्यात एक ओळ अशी: ‘अर्जदाराने अज्ञानापोटी पंचनाम्याआधी दुकान धुतले.’ मला ती ओळ लागली. पण खोटी कुठं होती?

“आता एक अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “तो साहेब म्हणेल, माल घेतला असेल, पण पुराच्या दिवशी दुकानात होता कशावरून? विकून टाकला असेल. ट्रॅक्टर काय साक्ष देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रांग संपल्यावर त्या माझ्याबरोबर दुकानात आल्या. तीच मोरपंखी साडी, तोच विटकरी ब्लाउज. निऱ्या खाली ओलसर होत्या. मला वाटलं, रस्त्यात पाणीच पाणी, भिजल्या असतील. त्या दुकानाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि हळूहळू फिरून बघायला लागल्या.

“शाब्बास, पोरी. पुरावा म्हणून काही शिल्लक ठेवलं नाहीस,” म्हणाल्या. आणि मग एकदम, “शैला, हलकं कापड भिजलं की रंग सोडतं ना?”

“सोडतं की. लाल तर विचारू नका.”

“मग इतके रंग गेले कुठं?”

“गटारात. मी सोड्यानं घासले.”

“सगळे?”

त्या कप्प्यांपाशी गेल्या. मांडणी जाड सागवानी पट्ट्यांची, मागची बाजूही पट्ट्यांचीच, बावीस वर्षांपूर्वी भिंतीला स्क्रूनं ठोकलेली. बाईंनी भिंत आणि मांडणी यांच्यातल्या फटीत बॅटरी मारली, गाल भिंतीला टेकवून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“सुतार बोलाव,” म्हणाल्या.

सुतारानं स्क्रू काढले. तिघांनी धरून मांडणी पुढं ओढली. आणि मी मागच्या भिंतीकडे पाहिलं.

पट्ट्यांच्या फटींतून रंग मागं झिरपला होता. पांढऱ्या चुन्यावर बारा उभे पट्टे. माझ्या कप्प्यांच्याच क्रमानं. डावीकडून पिवळे, मग केशरी, लाल, राणी, जांभळे, निळे, मोरपंखी, हिरवे… सातव्या कप्प्याच्या उंचीला सगळे एका रेषेत थांबलेले. तिथवर पाणी होतं. वरच्या दोन ओळींमागं कोरा चुना. ब्रश नेईन तिथं घासणारी मी, एवढी एक जागा माझ्या तावडीतून सुटली होती.

“हात लावू नकोस!” रेडीजबाई ओरडल्या. मी खरंच फडकं उचललं होतं हो. सवय!

फेरपंचनाम्याला पाचव्या दिवशी माणूस आला. दुसरा, तरुण, डोळे झोपेनं जड झालेले. रेडीजबाई आल्या होत्या, पण कोपऱ्यात स्टुलावर बसल्या. “तू बोल,” एवढंच म्हणाल्या.

मी बोलले. पुसून काढलं ते सांगितलं, कोऱ्या पंचनाम्यावर सही केली ते सांगितलं. पोर्टलवरची यादी दिली. मग त्याला मांडणीमागं नेलं. तो भिंतीसमोर उभा राहिला, कप्पे मोजले, पट्टे मोजले. बोट न लावता रेषेपर्यंतची उंची टेपनं मोजली आणि बाहेर रस्त्यातल्या खांबावरच्या पुराच्या रेषेशी ताडून पाहिली. चार फोटो काढले.

“पेठेत सव्वा लाख, दीड लाख ऐकून कान किटले माझे,” तो म्हणाला. “तुम्ही अठ्ठावन्नच लिहिलेत?”

माझ्या जिभेवर आलं होतं. आत्ता सांगितलं तर ऐकेल असं वाटलं. मी स्टुलाकडे पाहिलं. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

“बिलं तेवढ्याचीच आहेत, साहेब,” मी म्हटलं.

त्यानं लिहायला घेतलं. लिहिता लिहिता म्हणाला, “सकाळपासून दोन दुकानं नामंजूर केली. चिखल आणून टाकलेला. पुराचा चिखल सगळीकडे सारखा बसतो, ताई, कोपऱ्यातसुद्धा. घमेल्यानं टाकलेला ढिगानं बसतो. लगेच कळतं.”

मी मांडणीला धरून उभी राहिले.

तो गेल्यावर मी बाईंना म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं, ते ओळखतात म्हणून?”

“छे ग. मला काय माहीत चिखलाचं?”

“मग त्या दिवशी…”

“मला एवढंच माहीत होतं की तुला खोटं बोलता येत नाही. चिठ्ठीचा माल लपवतेस तेव्हा दर तिमाहीला तुझे कान लाल होतात. फोनवरसुद्धा मला ते दिसतात.” आणि त्या हसत सुटल्या. पुरानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मी पण हसले, रडत रडत.

गणपतीच्या चार दिवस आधी खात्यात त्रेचाळीस हजार सातशे पंचवीस रुपये आले. गाळा राहिला. माल भरला, या वेळी सगळा बिलावर. नवरात्रात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

सातव्या माळेला दुपारी, गर्दी जरा कमी असताना, रेडीजबाई आल्या. हातात पिशवी.

“शैला, मला एक ब्लाउजपीस दे. या साडीवर.”

त्यांनी पिशवीतून ती मोरपंखी साडी काढून गादीवर ठेवली. मी ती हातात घेतली. इतकी वेळा धुतलेली की काठ विरले होते. आणि तेव्हा, बघा, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिल्या दिवशी हीच साडी. वाचनालयात हीच. सुतार आला तेव्हा हीच. फेरपंचनाम्याच्या दिवशी हीच. निऱ्या ओलसर. ज्या बाईला रस्त्यात लोकांचे ब्लाउज खुपतात, तिला इतक्या दिवसांत हे दिसलं नाही!

“बाई, तुमचं घर… नदीकडच्या आळीत ना? तळमजला?”

“हो.”

“किती पाणी होतं?”

“पंख्याला लागलं होतं.” त्या अगदी सहज म्हणाल्या. “ही एक अंगावर होती म्हणून राहिली. रोज पिळायची, घालायची. माझा ब्लाउज त्या पाण्यात फाटला, म्हणून तो बहिणीचा. तुला खुपत होता ना? बघत होतीस तू, मला कळत होतं.”

मी वळून कप्प्यात हात घातला. मोरपंखीच्या पाच छटा होत्या, एकही त्या साडीला लागेना. एक हिरवट, एक निळसर. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं, त्यामुळं नीट दिसतही नव्हतं.

“नाही हो लागत. याच्यातला नेमका नाहीये माझ्याकडे.”

“कसा नाही?” बाई उठल्या. मांडणी मी पुन्हा भिंतीला ठोकली नव्हती, हातभर पुढंच ठेवली होती, आणि मागच्या भिंतीला चुना लावू दिला नव्हता. त्या तिरक्या होऊन आत शिरल्या आणि सातव्या पट्ट्यावर साडीचा पदर धरला. पदर कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते, ते कळत नव्हतं.

“हा बघ,” त्या म्हणाल्या, “होता तुझ्याकडे.”

तो रंग मी मुद्दाम मागवला. आठ दिवसांनी आला. मी पीस कागदात बांधून त्यांच्या घरी घेऊन गेले. अजून भिंतींना ओल होती. पुढच्या खोलीत कॅरम बोर्डावर लॅपटॉप, आणि तिघंजण थांबलेले. मी पुडकं त्यांच्या हातात दिलं, वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, “बाई, याचे पैसे घेणार नाही मी. काहीही बोला.”

त्यांनी पुडकं सोडलं, पीस उजेडात धरला, साडीला लावून पाहिला. डोळे भरून आले होते त्यांचे, पण बाई ती बाईच.

पर्समधून साठ रुपये काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाल्या, “बिल दे.”